कपाळावरचं गोंदण

दर्यापूरहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. मागच्या वेळी आपण गटाच्या दप्तराबद्दल बोललो होतो. आज बोलू फोटोबद्दल. फोटो काढण्याबद्दल नाही, तो तर आता लहान लेकरूही काढतं. काढलेला फोटो मोबाईलवर सुधारायचा कसा, आणि सुधारला की कोणाला दाखवायचा, ही आजची गोष्ट आहे.

झालं असं, की पापड-मसाल्याचे फोटो नीट दिसावेत म्हणून गेल्या उन्हाळ्यात आम्ही काही जणी मोबाईलवर फोटो एडिट करायला शिकत होतो. दुपारची कामं आटोपली की बसायचो. एक दिवस गटातल्या एका ताईनं पिशवीतून लग्नातला एक जुना फोटो काढला. पंधरा-वीस माणसं, आणि कडेला पदर सावरत उभी तिची आई. आईचा तेवढाच एक फोटो. आई जाऊन बरीच वर्षं झाली. ताई म्हणाली, "एवढी माय वेगळी काढून द्या, भिंतीवर लावतो."

आम्ही हौसेनं कामाला लागलो. फोटोचा फोटो काढला, आईपुरता कापला. पिवळेपणा घालवला. घडीची रेघ साडीवरून गेली होती, ती बुजवली. मागची माणसं पुसून निळा रंग भरला. मग चेहरा स्वच्छ करायचं एक बटण असतं, ते दाबलं. चेहरा कसा गुळगुळीत, उजळ झाला. सगळ्या जणी म्हणाल्या, छान, खूप छान. ताई काही बोलेना. आम्हाला वाटलं, आईच्या आठवणीनं गहिवरली असेल. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "हे माही माय नाही वाटत वं. कपायावरचं गोंदण कुठी गेलं?"

गोंदण आम्हाला डाग वाटलं होतं, आणि मोबाईललाही. आठ-दहा जणींनी तो फोटो पाहिला होता, पण चूक दिसली ती फक्त जिनं त्या कपाळाकडे लहानपणापासून पाहिलं होतं तिला.

त्या दिवसापासून आम्हाला एक नाद लागला. आपण केलेलं चित्र दुसऱ्याला दाखवायचं, त्याचं ऐकायचं आणि परत हात फिरवायचा, ही रीत कधीपासूनची आहे ते शोधायचं. वाचलं, विचारलं, आणि त्यातून जे हाती आलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात मुंबईपासून करू. फोटोची कला जगापुढे आली १८३९ मध्ये. त्यानंतर पंधरा वर्षांतच, ऑक्टोबर १८५४ मध्ये, मुंबईत फोटो काढणाऱ्यांचं एक मंडळ निघालं. त्याचं नाव फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे. बहुतेक सभासद साहेबलोक, पण आपलेही काही होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे त्यातले एक. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्गही सुरू झाला.

या मंडळाच्या सभा भरत. सभासद आपापली चित्रं घेऊन येत आणि बाकीच्यांपुढे मांडत. कोणतं रसायन वापरलं, उजेड किती वेळ दिला, हा भाग काळा का पडला, यावर बोलणं होई. तेव्हा फोटो काढणं म्हणजे अर्धं डॉक्टरकीचं काम होतं. औषधं कालवा, अंधारात काच किंवा कागद बुडवा, धुवा, वाळवा. एकट्यानं शिकायचं म्हटलं तर जन्म पुरला नसता. एकाचं बिघडलेलं चित्र दहा जणांना शिकवून जाई. आपण गटाच्या बैठकीत वही मधे ठेवतो आणि सगळ्या जणी त्यावर डोळा ठेवतो, तसंच ते होतं.

फोटोवर हात फिरवणंही तेव्हापासूनचंच आहे. मोबाईल आला आणि फोटो खोटे व्हायला लागले, असं आपली म्हातारी माणसं म्हणतात, पण ते खरं नाही. काचेच्या निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं काम करायची रीत जुनी आहे. सुरकुती भरून काढायची, देवीचे व्रण बुजवायचे. काळ्या-पांढऱ्या फोटोवर ब्रशनं रंग द्यायचे. ओठ लाल, दागिने पिवळे, साडी हिरवी.

आपल्या गावांमध्येही हे चालायचं. नवरा-बायकोचा एकत्र फोटो कधी निघालाच नाही आणि दोघांतलं एक गेलं, तर स्टुडिओवाला दोन वेगळे फोटो जोडून एका चौकटीत बसवून द्यायचा. असे फोटो तुमच्याही घरात असतील. जवळून पाहिलं तर दोघांवर उजेड वेगवेगळ्या बाजूनं पडलेला दिसतो. तरी घरच्यांना ते चालायचं, कारण चेहरे त्यांचेच असायचे. चेहरा बदलला तर मात्र फोटो परत जायचा. म्हणजे काय चालेल आणि काय नाही, हे घरची माणसं ठरवायची.

आता ज्या बाईची गोष्ट सांगायला आम्ही आज बसलो आहोत, तिच्याकडे येऊ. सरस्वतीबाई फाळके. दादासाहेब फाळके यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा २००९ सालचा मराठी सिनेमा तुमच्यापैकी काही जणींनी पाहिला असेल, त्यातही सरस्वतीबाई आहेत. पण त्यांनी नेमकं काय काम केलं, हे आपण बायांनी नीट समजून घ्यायला हवं.

दादासाहेबांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईत जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याला कलाभवनात शिकले. फोटोग्राफीचा धंदा केला, छपाईचं काम केलं. मग येशू ख्रिस्तावरचा एक परदेशी सिनेमा पाहिला आणि डोक्यात भरलं, की आपल्या देवांची अशी हलती चित्रं करायची. १९१२ च्या सुरुवातीला ते लंडनला गेले. तिथं 'बायोस्कोप' नावाच्या साप्ताहिकाच्या संपादकानं आधी त्यांना या धंद्यात पडू नका असं समजावलं. माणूस ऐकत नाही असं दिसल्यावर त्यानंच त्यांची सेसिल हेपवर्थ या सिनेमावाल्याशी गाठ घालून दिली. तिथं सगळी खाती हिंडून, काम पाहून, कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र विकत घेऊन ते परत आले.

परत आले खरे, पण पैसा कोण देणार? नुसत्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हतं. तेव्हा त्यांनी एक युक्ती केली. कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा त्याच्यापुढे ठेवून रोज थोडं थोडं चित्र घेतलं. महिनाभरानं ते सगळं जोडून दाखवलं, तेव्हा मिनिटाभरात दाण्यातून कोंब फुटताना, वेल वर चढताना दिसू लागला. हा छोटा तुकडा त्यांनी पैसेवाल्यांना दाखवला आणि कर्ज मिळालं. नवशिक्यानं आधी लहान काम करावं, ते दाखवावं, मग मोठ्याला हात घालावा, हे यातून आम्ही घेतलं. कर्जानं भागलं नाही तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिनेही कामी आले. हे आपल्याला नवीन नाही.

मग सुरू झालं 'राजा हरिश्चंद्र'चं काम, दादरला. दिवसा शूटिंग, रात्री धुलाई. त्या काळी कोरी फिल्म भोकांशिवाय यायची. कडेला भोकं नसतील तर ती कॅमेऱ्यात पुढे सरकत नाही. ही भोकं अंधाऱ्या खोलीत पाडावी लागत, कारण उजेड लागला की फिल्म वाया. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. आम्ही जरा हिशेब मांडून पाहिला. सिनेमा होता ३,७०० फुटांचा. एका फुटात १६ चित्रं. म्हणजे जवळपास ५९ हजार चित्रं, आणि एकेका चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोकं. पावणेपाच लाखांच्या आसपास भोकं झाली. पुन्हा निगेटिव्ह वेगळी आणि पडद्यावर दाखवायची प्रत वेगळी.

एवढंच नाही. रसायनं कालवणं, फिल्म धुणं, तुकडे जोडणं यात त्यांचा हात होता. शूटिंगच्या वेळी उन्हाचा उजेड नटांच्या तोंडावर पडावा म्हणून पांढरी चादर धरून उभं राहणं होतं. वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, आणि आपली लेकरं. त्या काळी सिनेमात काम करायला बाई मिळाली नाही, म्हणून राणी तारामती झाले अण्णा साळुंके. पडद्यावर बाई नव्हती, पण पडद्यामागच्या अंधारात बाई होती. आज सरस्वतीबाईंचं नाव भारतीय सिनेमातली पहिली स्त्री तंत्रज्ञ म्हणून घेतलं जातं. सिनेमाच्या पाटीवर मात्र तेव्हा त्यांचं नाव आलं नाही. त्यांना कुठल्या शाळेत हे शिकवलं नव्हतं. रात्री फिल्म धुऊन निघाली, की ती कशी आली, काळी पडली की पांढरी, हे आधी घरातल्याच डोळ्यांनी पाहिलं जायचं. बिघडलं असेल तर दुसऱ्या दिवशी सुधारायचं. सांगणारं आणि करणारं माणूस एकाच घरात होतं.

सिनेमा पूर्ण झाल्यावर तो २१ एप्रिल १९१३ ला मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात आधी निवडक मंडळींना दाखवला. त्यानंतर ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात सगळ्यांसाठी लावला. म्हणजे लोकांपुढे नेण्याआधी दाखवून घ्यायचं, हा धडा तिथंही आहेच.

याच सिनेमाची एक गंमत सांगतात. सुरतेला पहिल्या दिवशी गल्ला फक्त ३ रुपयांचा जमला. लोकांचं म्हणणं, नाटक पाच-सहा तास चालतं, हा खेळ तर लगेच संपतो. दादासाहेबांनी हे ऐकून जाहिरात बदलली, की ५७ हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, आणि दर फक्त ३ आणे. मग गर्दी झाली. आता बघा, ५७ हजार फोटो हा आकडा आमच्या हिशेबाशी जवळपास जुळतो. पण ३,७०० फूट म्हणजे मैलही पुरा होत नाही, पाऊण मैलाच्या आत. दोन मैल कुठून आले? जाहिरातीत ओढून-ताणून सांगायची सवयही जुनीच म्हणायची. त्याबद्दल आमच्या मिरचीची गोष्ट पुढे सांगतो.

आता थेट कॉम्प्युटरच्या काळात येऊ. मोबाईलमधला फोटो म्हणजे खरं तर ठिपक्यांची रांगोळी. आडव्या-उभ्या ओळींत ठिपके मांडायचे आणि प्रत्येक ठिपक्याला रंगाचा आकडा द्यायचा. पहिल्यांदा असा फोटो कॉम्प्युटरमध्ये गेला १९५७ साली, अमेरिकेत. रसेल किर्श नावाच्या माणसानं आपल्या तीन महिन्यांच्या बाळाचा फोटो त्यात घातला. १७६ ठिपके आडवे, १७६ उभे. म्हणजे सगळे मिळून ३१ हजारही भरत नाहीत. आज आपल्या हातातल्या साध्या मोबाईलच्या फोटोत लाखो ठिपके असतात. या किर्श यांची एक गोष्ट आम्हाला फार आवडली. ठिपके चौकोनी ठेवले ही आपली चूक झाली, असं त्यांनी पन्नासेक वर्षांनी स्वतःच सांगितलं. ऐंशी ओलांडल्यावर, २०१० मध्ये, ते ती चूक सुधारायच्या मागे लागले होते. पोराच्या त्याच फोटोवर त्यांनी पुन्हा काम केलं.

दुसरी गोष्ट १९७५ ची. कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरनं पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर. एक फोटो कॅसेटवर साठवायला २३ सेकंद. प्रयोगशाळेतल्या एका मुलीला त्यांनी विचारलं, तुझा फोटो काढू का? काढला आणि टीव्हीच्या पडद्यावर आणला. केसांचा आकार नीट दिसत होता, पण चेहऱ्याच्या जागी नुसता गिचमिडा. इंजिनिअर खूश, की काहीतरी तरी उमटलं! त्या मुलीनं पाहिलं आणि अजून काम करायला हवं असं म्हणून निघून गेली. मग त्यांनी तपासलं, तर तारा उलट-सुलट जोडल्या गेल्या होत्या. त्या बदलल्या आणि चेहरा दिसला. डिजिटल कॅमेऱ्याच्या पहिल्याच फोटोवरचा पहिला अभिप्राय एका बाईचा होता, आणि तो खरा होता. ती भिडेपोटी छान म्हणून गेली असती तरी तारा कधीतरी सापडल्या असत्या. पण तिनं कशालाही भीड घातली नाही, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

पुढे १९८७ मध्ये थॉमस आणि जॉन नॉल या दोन भावांनी कॉम्प्युटरवर फोटो सुधारायची सोय तयार करायला घेतली. १९९० मध्ये ती 'फोटोशॉप' नावानं बाजारात आली. लोकांना दाखवण्यासाठी जॉन यांनी आपल्या होणाऱ्या बायकोचा समुद्रकिनाऱ्यावरचा फोटो वापरला. तो फोटो कापून, जोडून, बदलून ते दाखवायचे. पेन्सिल, ब्रश, कात्री, पुसणी ही जुन्या स्टुडिओतली हत्यारंच त्यांनी पडद्यावर आणली. आज तीच आपल्या मोबाईलमध्ये आहेत. फरक एवढाच, की स्टुडिओवाल्याला एका चेहऱ्यावर तासभर बसावं लागे आणि आपल्या मोबाईलचं एक बटण एका क्षणात सगळं पुसून मोकळं होतं. काय पुसलं ते सांगतसुद्धा नाही.

म्हणून आता आमची चूक सांगतो. आमच्या गटाचं तिखट चांगलं असतं, पण फोटोत ते जरा फिकट दिसायचं. आम्ही फोटोतला लाल रंग वाढवला. आपसांत पाहिला, सगळ्यांना आवडला. तो फोटो पाहून एका बाईनं दोन किलो मागवलं. पाकीट हातात पडल्यावर म्हणाली, फोटोतलं तिखट वेगळं होतं, हे नको. तिखट तेच होतं, फोटो वेगळा होता. पाकीट परत घेतलं. तेव्हापासून नियम केला, की मालाच्या फोटोत उजेड वाढवायचा, कचरा पुसायचा, पण मालाचा रंग बदलायचा नाही. फोटो करून झाला की तिखटाची वाटी मोबाईलच्या शेजारी उन्हात ठेवायची आणि दोन्हीकडे पाहायचं.

चेहऱ्याचंही तसंच. हे बटण दाबलं की सगळ्या बाया गोऱ्या होतात. कपाशी वेचणाऱ्या, उन्हात तूर कापणाऱ्या आपण. आपला रंग उन्हाचा आहे. गटाच्या फलकावर आपल्याऐवजी दुसऱ्याच कोणी गोऱ्या बाया उभ्या दिसाव्यात, हे आम्हाला बरं वाटलं नाही. ते बटण आम्ही बंद ठेवतो.

आणि अभिप्राय कसा मागायचा? हे शिकायला आम्हाला लांब जावं लागलं नाही. पापड लाटायला बसतो तेव्हा काय होतं? शेजारची म्हणते, तुझा काठ जाड राहिला. आपण लगेच लाटणं फिरवतो. कोणी रुसत नाही, कारण बोलणं पापडाबद्दल असतं. फोटोच्या वेळी मात्र आपण भिडेला पडतो. नवीन शिकणारीचं मन दुखू नये म्हणून छान म्हणतो आणि मोकळ्या होतो. त्या छानमधून तिला काहीच कळत नाही.

आता आमच्याकडे असं चालतं. मूळ फोटो कधी पुसायचा नाही, नक्कल करून तिच्यावरच काम करायचं. झाल्यावर दोन्ही शेजारी ठेवून दाखवायचं. कसा झाला असं विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर छान हेच येतं. विचारायचं, की तुमची नजर आधी कुठे गेली? काय कमी झालं? काय जास्त झालं? पाहणारीनं छान म्हटलं तर का छान तेही सांगायचं. एक तरी माणूस असं हवं, की ज्याला मोबाईलमधलं काही कळत नाही पण फोटोतलं माणूस किंवा वस्तू पक्की माहीत आहे. बहुतेक वेळा आजीबाईच चूक धरतात. बोलायचं ते चित्राबद्दल, करणारीबद्दल नाही. आणि शेवटचा शब्द ज्याचा फोटो त्याचा.

ताईच्या आईचा फोटो आम्ही पुन्हा करायला घेतला. मूळ फोटो पुसला नव्हता म्हणून बरं. या वेळी ताई शेजारी बसली. पिवळेपणा काढला, घडीची रेघ बुजवली. चेहऱ्याला हात लावला नाही. फोटो मोठा केला तेव्हा कपाळावरचं गोंदण दिसलं, बारीक तीन ठिपके. हनुवटीवर आणखी एक होता, तो आम्हाला पहिल्यांदा दिसलाच नव्हता. ताई म्हणाली, "हे पाह्य, आता आली माय." मग मागचा निळा रंगही तिनं काढायला लावला. म्हणाली, लग्नाचा मांडव राहू द्या, ते माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न होतं.

तो फोटो आता तिच्या घरात भिंतीवर आहे. थोडा धुरकट आहे. आम्ही कधी गेलो की तिथं बसून चहा घेतो.

तुमच्या गटातही कोणी शिकत असेल तर पुढच्या बैठकीत तिचा एक फोटो मधे ठेवा आणि पापडासारखं बोला. आज एवढंच. पुन्हा भेटू. नमस्कार.